सोडलेली ओळ

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आमची बैठक भरते. सांगली-मिरज रस्त्यावरचं एका ट्रस्टचं रुग्णालय, पहिला मजला, रक्तपेढीशेजारची खोली. टेबलाभोवती डॉक्टर असतात, औषधशास्त्राच्या प्राध्यापिका असतात, एक वकील असतात, आणि मी असते. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. औषधांतलं मला माझ्या रक्तदाबाच्या गोळीपलीकडे फारसं कळत नाही. तरी मी गेले नाही तर त्या दिवशी कुठलाच निर्णय होऊ शकत नाही.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे या समितीत किमान ७ जण हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्ष बाहेरचाच हवा आणि एक तरी स्त्री हवी. निर्णय घेताना पाच तऱ्हेची माणसं हजर असावीच लागतात: वैद्यकशास्त्राचे अभ्यासक, रुग्ण तपासणारे डॉक्टर, कायदा जाणणारे, समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातले कुणी, आणि एक 'सामान्य व्यक्ती'. ती सामान्य व्यक्ती म्हणजे मी. २०१६ साली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती त्याच रुग्णालयात डॉक्टर आहे. म्हणाली, "बाई, बाकीचं आम्ही बघू. तुम्ही फक्त पेशंटच्या हातात जाणारा कागद वाचायचा. तुम्हाला जे कळणार नाही ते त्यांनाही कळणार नाही."

पहिला कागद हातात आला तो एकोणीस पानांचा होता. संमतीपत्रक. मराठीत होतं, म्हणजे लिपी देवनागरी होती. त्यातलं एक वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं होतं: 'आपला सहभाग स्वैच्छिक असून आपण कोणत्याही वेळी दंडाविना अथवा आपण अन्यथा पात्र असलेल्या लाभांच्या हानीविना सदर सहभाग मागे घेऊ शकता.' मी ते तीन वेळा वाचलं. दहावीच्या पेपरात हे वाक्य देऊन 'सोप्या मराठीत लिहा' असा प्रश्न घातला असता तर निम्मा वर्ग तिथेच अडकला असता.

त्याच आठवड्यात मी ते पान घेऊन ओपीडीच्या व्हरांड्यात जाऊन बसले. तशी परवानगी काढली होती. सुनेला दाखवायला आलेल्या जत भागातल्या एका बाईंना मी ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मधीच सोडलं तर दंड भरावा लागंल का?"

मला हसू आलं नाही. वाक्य लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं त्याच्या बरोबर उलटं त्या बाईंच्या कानावर पडलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. 'दंड' हा शब्द आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीतून येतो, पोलिसांकडून येतो, वीजबिलावर येतो. 'विना' हा मागे लागलेला लहानसा तुकडा ऐकताना कुठे पोचतो? आम्ही ते वाक्य असं केलं: 'तुम्ही कधीही नको म्हणू शकता. कारण सांगायची गरज नाही. नको म्हटलंत तरी इथले तुमचे उपचार पहिल्यासारखेच चालू राहतील.' एका वाक्याची तीन वाक्यं झाली. हा बदल मंजूर होऊन यायला सात आठवडे लागले, कारण मराठी मजकूर बदलला की तो कुणीतरी पुन्हा इंग्रजीत उलटा करून पाहायचा, मूळ मजकुराशी ताडायचा, दाखला जोडायचा आणि मगच तो आमच्यापुढे परत यायचा. ही पद्धत चांगल्या हेतूनं केलेली आहे. पण उलटं भाषांतर नीट जुळावं म्हणून सरळ भाषांतर मुळातच इंग्रजीच्या मापानं शिवलं जातं. ही अडचण मी दर दोन बैठकांमागे एकदा मांडते आणि ती अजून सुटलेली नाही.

सगळ्यात जास्त छळलेला शब्द म्हणजे 'यादृच्छिक'. चाचणीत कुणाला नवं औषध मिळणार आणि कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. ते नशिबावर सोडलेलं असतं आणि मुद्दामच सोडलेलं असतं. संगणक नंबर काढतो. कागदावर याला 'यादृच्छिकीकरण' म्हणतात. हा शब्द मी स्वतः अडखळल्याशिवाय म्हणू शकत नाही. कुणी 'चिठ्ठ्या टाकून' असं सुचवलं, कुणी 'नाणं उडवून'. आमचे वकील म्हणाले, नाणं उडवून म्हटलं तर लोकांना आपण त्यांच्या जिवाशी खेळतोय असं वाटेल. त्यांचं खरं होतं. चिठ्ठ्या म्हटलं की आपल्याकडे भिशी आठवते, म्हणजे ज्याची चिठ्ठी निघाली तो भाग्यवान. चाचणीत कोण भाग्यवान ते आधी कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर चाचणी करायचं कारणच उरलं नसतं.

या शब्दावर मला उजेड दाखवला तो तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारानं. साठी उलटलेले गृहस्थ, मधुमेह जुना, तळपायाची जखम भरत नव्हती. त्या वेळी आमच्याकडे मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर लावायच्या एका नव्या मलमाची चाचणी चालू होती. (मलमाचं नाव मी लिहीत नाही. आम्ही गुप्ततेच्या कागदावर सह्या केलेल्या असतात.) संमती कशी घेतली जाते हे समितीनं अधूनमधून प्रत्यक्ष जाऊन बघायचं असतं. त्या दिवशी पाळी माझी होती. त्यांना विचारून मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

आमच्या कोऑर्डिनेटर मुलीनं समजावून सांगायला सुरुवात केली. दोन गट असतात, एकाला नवं मलम, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम. ड्रेसिंग, साखरेची औषधं, जखम साफ करणं दोघांनाही सारखंच. ट्यूबवर फक्त आकडा असतो, आत काय आहे ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "आगं पोरी, म्हंजे एक वळ फवारायची आन् एक सोडायची. आसंच न्हवं?"

वळ म्हणजे वेलांची ओळ. ती माझ्याकडे बघायला लागली. तेच पुढे म्हणाले, "नवं औषध आलं की दुकानदार म्हणतोय, मारा बिनधास्त. आमी काय करतो, दोन वळी मारतो, दोन तशाच सोडतो. सोडलेल्या वळीला पाणी-खत चालूच ऱ्हातंय. निस्तं त्ये नवं औषध न्हाई. मग पंधरा दिसांनी बघायचं, डावणीची बुरशी कुठं कमी हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पन कंची वळ सोडायची ती आपुन निवडायची न्हाई. आपल्या मनात आसतंय, चांगली वळ फवारावी म्हनून."

मी घरी येऊन रात्री उशिरापर्यंत जागी होते. गेली काही वर्षं समितीच्या प्रशिक्षणात जे ऐकत होते, ते या माणसानं बागेत उभं राहून शोधलेलं होतं. आणि खरं तर हा विचार जन्माला आला तोही शेतातच. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी हा नियम घालून दिला की कुठल्या वाफ्याला कुठलं खत द्यायचं हे माणसानं न ठरवता ते यदृच्छेनं ठरू द्यावं, कारण जमिनीचा कस सगळीकडे सारखा नसतो आणि माणसाचा हात नकळत चांगल्या तुकड्याकडे वळतो. माणसांवरच्या औषधांपर्यंत ही गोष्ट त्यानंतर वीसेक वर्षांनी पोचली.

आपल्या भागालाही ती अनोळखी नाही. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात बुध नावाचं गाव आहे. तिथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि शेतातल्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक निवडीनं कसा काढायचा, हे काम त्यांनी इथे उभं केलं. आजही पीक कापणी प्रयोगाच्या वेळी कृषी सहायक आणि तलाठी गावात येतात तेव्हा कुणाच्या शेतातला कुठला तुकडा कापायचा ते आकड्यांवरूनच ठरतं. पीकविमा घेतलेल्या शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. वशिल्यानं निवडलेला तुकडा खोटं सांगतो हेही त्याला ठाऊक असतं. त्यामुळे पुढच्या संमतीपत्रात आम्ही लिहिलं: 'पीक कापणीला शेताचा तुकडा जसा नंबर काढून ठरतो, तसाच तुमचा गट नंबर काढून ठरेल. तो डॉक्टर ठरवणार नाहीत.' 'यादृच्छिक' आम्ही काढून टाकला. शिक्षिका म्हणून मला त्या शब्दाबद्दल आदर आहे, पण जखम दुखत असलेल्या माणसासमोर त्याचा उपयोग नाही.

तरीही मनात एक काटा राहिलाच होता. वेलाची ओळ सोडणं वेगळं आणि माणूस सोडणं वेगळं. औषध हाताशी असताना निम्म्यांना ते न देणं हे कसं काय बरोबर? मी हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला होता आणि आमच्या अध्यक्षांनी, एका निवृत्त सर्जननी, मला स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयावरचं हे नवं औषध फार थोडं होतं. सगळ्यांना पुरण्यासारखं नव्हतंच. तेव्हा १०७ रुग्णांची यदृच्छेनं विभागणी झाली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, जी तेव्हाची नेहमीची पद्धत होती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ गेले, दुसऱ्यातले १४. १९४८ साली हे छापून आलं आणि औषध खरंच काम करतं, हे सगळ्यांना मानावं लागलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, त्याआधी क्षयावर सोन्याची इंजेक्शनं देत होते. वर्षानुवर्षं. विश्वासानं देत होते. बहुतेकांनी ओळ सोडून बघितलीच नव्हती."

'क्षय' म्हटलं की मला थोडं सावरून बसावं लागतं.

सांगली आणि मिरज यांच्या मधे वानलेसवाडी आहे. आज तिथे बंगले आहेत, शाळा-कॉलेजं आहेत. मिरजेत १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव त्या वस्तीला आहे, आणि माझ्या लहानपणी 'वानलेसवाडी' याचा अर्थ एकच होता: क्षयाचं सॅनेटोरियम. एखादा माणूस 'वानलेसवाडीला आहे' असं म्हणताना बायका आवाज खाली आणायच्या. माझे वडील १९५७ साली तिथे दाखल झाले तेव्हा मी एक वर्षाची होते. ते चौदा महिने तिथे होते. उघड्या व्हरांड्यात खाटा, वेळेवर दूध-अंडी, स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया, मोठमोठ्या गोळ्या, आणि पडून राहणं. आई आठवड्यातून दोनदा गावभागातून चालत डबा घेऊन जायची आणि लांब उभी राहून बोलायची. मला कधीच नेलं नाही. खर्चासाठी हरिपूरच्या वाटेवरचा जमिनीचा तुकडा गेला. वडील घरी आले तेव्हा मी त्यांना 'काका' म्हणाले, असं आई सांगायची. हे सांगताना ती दर वेळी दुसरीकडे बघायची. त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांचं ताट-तांब्या वेगळं होतं. ते स्वतःच ते वेगळं ठेवत.

समितीच्या एका प्रशिक्षणात, मिरजेतच, एका वक्त्यांनी पडद्यावर १९५९ सालच्या एका अहवालाचं पहिलं पान दाखवलं. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ पासून एक चाचणी चालू होती. गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांना नंबर काढून दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्यांच्या घरीच, दाटीवाटीच्या खोल्यांत, आहे त्या आहारावर. गोळ्या दोघांना त्याच, वर्षभर. सॅनेटोरियमवाल्यांना खाणं चांगलं होतं, हवा चांगली होती, विश्रांती होती. वर्षाअखेरी बघितलं तर दोन्ही गटांतले बहुतेक बरे झालेले, फारसा फरक नाही. आणि घरच्या माणसांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असंही नाही.

मी वहीत लिहीत होते. '१९५६' लिहिलं आणि हात थांबला. माझी आई लांब उभी राहून डबा देत होती, तेव्हाच तिकडे मद्रासमध्ये कुणाची तरी आई त्याच आजारात नवऱ्याला घरी ठेवून जेवायला वाढत होती, आणि कुणीतरी ते मोजत होतं. त्या मोजण्यातून हळूहळू जगभरातली सॅनेटोरियमं रिकामी झाली. आज आपल्याकडे क्षयाचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो याची मुळं त्या १९३ जणांत आहेत. माझ्या वडिलांना त्याचा फायदा मिळाला नाही, ते एक वर्ष आधीच घरी आले होते. पण १९८० च्या सुमाराला माझ्या धाकट्या मामाला क्षय झाला तेव्हा तो आमच्याच घरी, आमच्याच ताटात जेवून बरा झाला. त्या १९३ जणांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. त्यांना आपण कशात भाग घेतोय हे त्यांच्या भाषेत, तमिळमध्ये, कुणी कसं समजावलं असेल, हा विचार मात्र मी बऱ्याच वेळा करते.

कारण न समजावता काय होतं तेही मी घरातच बघितलंय. माझे दीर साखर कारखान्यात होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, एका मोठ्या रुग्णालयात, त्यांना सांधेदुखीवरच्या औषधाच्या चाचणीत घेतलं. त्यांनी इंग्रजी कागदावर सही केली. कागदाची प्रत मिळाली नाही. आठ महिने दर महिन्याला जाऊन आले, दुखणं कमी झालं होतं, जिना चढायला लागले होते. मग एके दिवशी 'स्टडी संपला' असं सांगून गोळ्या बंद झाल्या. त्या कुठल्या गोळ्या होत्या, त्यात औषध होतं का नव्हतं, निकाल काय लागला, काहीच कळवलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला. पुढे ते गेले हृदयविकारानं, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण शेवटपर्यंत दिवाळीला भेटले की विचारायचे, "वहिनी, तुम्ही त्या कमिटीत आहात ना? मला खरं औषध होतं का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात मी एक प्रश्न विचारते: चाचणी संपल्यावर ही माणसं कुठल्या गटात होती आणि निकाल काय लागला, हे त्यांना कोण सांगणार, कधी सांगणार, कुठल्या भाषेत सांगणार? सुरुवातीला तरुण डॉक्टर एकमेकांकडे बघायचे. आता ते उत्तर आधीच लिहून आणतात.

देशात यापेक्षा फार वाईट घडलेलं आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका अभ्यासात देण्यात आली. अनेक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. संमतीच्या शेकडो कागदांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं पुढे आलं. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक शब्दांत अहवाल दिला. लस चांगली असणं आणि ती देण्याची रीत चांगली असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या प्रकरणानं लस बदनाम झाली, ते नुकसानही मुलींचंच.

मग असं असताना आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयानं या भानगडीत पडावंच का, असं मला शेजारच्या काकू विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: पडावंच. मोठ्या शहरात चाचणी झाली की तिथे पोचू शकणारी माणसंच तिच्यात येतात. आमच्या ओपीडीत अथणीहून, जमखंडीहून, आटपाडीहून पहाटेची एसटी किंवा रेल्वे पकडून आलेली माणसं असतात. त्यांना मधुमेह असतो, जोडीला मिशरीची सवय असते, रक्त कमी असतं, ऊसतोडीमुळे पायाला भेगा असतात. औषध शेवटी यांच्याच पोटात जाणार. मग ते यांच्यात कसं वागतं, हे आधी बघायला नको?

आणि काही प्रश्न लहान गावातच सुचतात. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्य घालवलं. लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी बघितली, प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी तिथे उपयोगी पडते हे दाखवलं, आणि पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलस सोबत दिली तर आणखी फायदा होतो का, हे त्यांच्या महाडच्या रुग्णालयात चाचणी घेऊन तपासलं. ७० रुग्ण, ३५-३५ चे दोन गट. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिलसही दिलेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलनं ते छापलं. विंचू ज्या माणसाच्या अंगणात निघतो, त्याच माणसासाठी, त्याच गावात केलेली ही चाचणी. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं झालेली आणखी एक मला फार आवडते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती भुलीचं साधं इंजेक्शन द्यायचं, बस्स. देशातली ११ केंद्रं, १६०० बायका. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांतल्या ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांतल्या ८६.४ टक्के. त्या इंजेक्शनला शंभर रुपयेही लागत नाहीत. यातून कुणाला नफा नाही, त्यामुळे कुठली कंपनी असला प्रश्न विचारायला येणार नाही. आमच्याकडे येतात त्या बहुतेक चाचण्या कंपन्यांच्याच असतात. हळदीच्या गोदामात आयुष्य काढलेल्या बायकांच्या दम्यावर एखादा प्रश्न आमच्याच डॉक्टरांनी विचारावा, असं मी दोन वर्षं म्हणते आहे.

या कामाचा खरा भार उचलते ती कोऑर्डिनेटर मुलगी. तिचं नाव कुठल्याच शोधनिबंधात येत नाही. तारखा तिच्या डोक्यात असतात, फ्रीजचं तापमान दोन ते आठ अंशांत आहे ना हे ती दिवसातून दोनदा लिहिते, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी रुग्णाला मिळाली का ते बघते. कुणाला काही गंभीर झालं तर २४ तासांच्या आत दिल्लीच्या औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि आम्हाला कळवावं लागतं. मग तो पेपर आमच्यापुढे येतो, आणि चाचणीमुळे कुणी दगावलं असेल तर भरपाईचं गणित मांडावं लागतं. ८ लाख रुपये, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. पासष्टच्या पुढच्या माणसाचा वयाचा आकडाही बरोबर ९९.३७ आहे. मी आता त्या रांगेत आहे. पहिल्यांदा ते कोष्टक बघितलं तेव्हा पोटात कालवलं, पण नंतर वाटलं, निदान आकडा लिहिलेला आहे, कुणाच्या दयेवर नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. निम्मी सांगली पाण्यात होती. त्या आठवड्यात ही मुलगी मेणबत्तीच्या उजेडात एकेका सहभागीला फोन लावत होती. औषध कोरडं आहे का, साखर तपासायला कुणी आहे का, जनावरं कुठे नेली. पूर ओसरल्यावर चुकलेल्या प्रत्येक भेटीसाठी एक फॉर्म भरावा लागला, कारण ठरल्या तारखेला रुग्ण आला नाही तर ते नियमाचं 'विचलन' धरतात. तिनं भरलेले ते सगळे फॉर्म आमच्यापुढे आले. कारणाच्या रकान्यात तिनं तेवीस वेळा लिहिलं होतं: कृष्णेला पूर.

मलमाची चाचणी त्यानंतर वर्षभरानं संपली. ट्यूबवरचे आकडे उघडून हिशोब लागायला आणखी बराच काळ गेला. निकालाचं एक पानी पत्र मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी सहा वेळा लिहिलं. तासगावचे गृहस्थ तपासणीला आले त्या दिवशी कोऑर्डिनेटरनं मला फोन करून बोलावून घेतलं. त्यांचा पाय बरा होता, जखम केव्हाच भरली होती. चप्पल नवी, मऊ तळाची, डॉक्टरांनी सांगितलेली.

तिनं त्यांना सांगितलं, "काका, तुमच्या ट्यूबमध्ये औषध नव्हतं."

ते क्षणभर गप्प बसले. "म्हंजे मी सोडलेली वळ."

"हो."

"आन् फवारलेल्या वळीचं काय झालं?"

मी पत्र पुढे केलं. दोन्ही गटांतल्या जखमा जवळपास सारख्याच भरल्या होत्या. रोजचं ड्रेसिंग, पायावरचा भार कमी करणं, साखर ताब्यात ठेवणं यानंच फरक पडला होता, नव्या मलमानं वेगळा असा पडला नव्हता. त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"लई म्हाग हुतं व्हय ते मलम?"

"महाग होणार होतं," ती म्हणाली.

"मग आता इकत घ्या म्हनून कुनी सांगनार न्हाई."

"नाही सांगणार."

त्यांनी मान हलवली. पत्राची घडी घातली, शबनममधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात सातबारा होता, आधार कार्ड होतं, आणि आमच्या संमतीपत्राची प्रत होती, कडेला हळदीचा डाग पडलेली. पत्र त्यांनी त्या प्रतीच्या आत सरकवलं आणि विचारलं, "बाई, त्या फवारलेल्या वळीतल्या लोकास्नीबी कळवलं न्हवं?"

मी कोऑर्डिनेटरकडे बघितलं. तिच्या टेबलावर पाकिटांचा गठ्ठा होता. वरच्या पाकिटावर जत तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता होता, तिकीट अजून लावायचं होतं.